सरकारी तुटीचा परिणाम नेमका कोणावर आणि कसा होतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सरकार दरवर्षी उत्पन्नापेक्षा लाखो कोटी रुपये अधिक खर्च करते, तर हा जादा पैसा येतो कुठून, त्याने महागाई वाढते का, उद्योगांच्या वाट्याचे कर्ज सरकारच घेऊन टाकते का, आणि सामान्य माणसाच्या गृहकर्जाच्या हप्त्यापर्यंत त्याची झळ पोहोचते का? मी बँकेच्या ट्रेझरी विभागात सरकारी रोख्यांच्या, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांच्या, खरेदी-विक्रीचे काम दीर्घकाळ केले आहे, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो. तूट म्हणजे दिवाळखोरीची सुरुवात असे मानणारे आणि तूट म्हणजे विकासाचे इंधन असे मानणारे, हे दोघेही तुटीच्या आकड्याकडे पाहून मत बनवतात. भारतात मात्र जवळपास सारख्या आकाराच्या तुटींनी वेगवेगळ्या काळात अगदी वेगळे परिणाम घडवले आहेत, कारण अर्थव्यवस्थेत त्या वेळी रिकामे हात आणि रिकामी यंत्रे किती होती, पैसा कशावर खर्च झाला आणि तो कोणाकडून घेतला गेला, या गोष्टी प्रत्येक वेळी निराळ्या होत्या.

आधी आकडे पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये आणि राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के, धरलेली होती. ही तूट भरून काढण्यासाठी निव्वळ ११.५४ लाख कोटी रुपये मुदतीच्या सरकारी रोख्यांतून उभे करायचे होते आणि उरलेल्यातील मोठा भाग अल्पबचत निधीतून, म्हणजे पोस्टातील योजना, पीपीएफ, सुकन्या समृद्धी यांत लोकांनी ठेवलेल्या पैशांतून येणार होता. त्याच अर्थसंकल्पात जुन्या कर्जावरील व्याजाचा खर्च १२.७६ लाख कोटी रुपये होता. तुटीतून हे व्याज वजा केले तर उरते ती प्राथमिक तूट, आणि ती जेमतेम २.९३ लाख कोटी रुपये, जीडीपीच्या ०.८ टक्के होती. चालू वर्षाच्या तुटीचा मोठा हिस्सा असा मागच्या तुटींनीच निर्माण केलेला असतो, ही बाब पुढे पुन्हा येईल.

पैसा येतो कुठून, या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक लोक सरकारची तुलना घरखर्चाशी करतात आणि तिथेच घोटाळा होतो. केंद्र सरकारचे खाते रिझर्व्ह बँकेत असते. सरकार जेव्हा कर्मचाऱ्याचा पगार, शेतकऱ्याच्या खात्यातील हप्ता किंवा महामार्गाच्या ठेकेदाराचे बिल चुकते करते, तेव्हा त्या व्यक्तीचे खाते ज्या बँकेत आहे त्या बँकेची रिझर्व्ह बँकेकडील शिल्लक तेवढ्या रकमेने वाढते आणि त्या व्यक्तीची ठेवही तेवढीच वाढते. लोक कर भरतात किंवा बँक सरकारी रोखा विकत घेते, तेव्हा बँकांची ही शिल्लक पुन्हा सरकारच्या खात्यात जाते. मार्चच्या मध्यावर आगाऊ कराचा हप्ता आणि पाठोपाठ जीएसटीचा भरणा झाला की बँका एकमेकींना पैसे उसने देतात त्या आंतरबँक बाजारात पैशाची चणचण जाणवते, आणि सरकारचा वर्षअखेरचा खर्च बाहेर पडला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत तीच चणचण नाहीशी होते. ट्रेझरीत बसणाऱ्या माणसाला हे चक्र दिनदर्शिकेसारखे पाठ असते.

यातून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. रोखा बँकेने घेतला तर खर्चातून लोकांच्या हाती आलेली ठेव तशीच राहते आणि बँकेच्या हाती रोखा येतो, म्हणजे व्यवस्थेतील एकूण पैशात भर पडते. तोच रोखा आयुर्विमा महामंडळाने किंवा भविष्य निर्वाह निधीने घेतला तर लोकांनी आधीच बाजूला ठेवलेली बचत सरकारमार्फत दुसऱ्याच्या हाती जाते आणि एकूण पैशात फारशी भर पडत नाही. तुटीचा आकडा दोन्ही वेळा सारखाच असतो, मागणीवरचा परिणाम मात्र सारखा नसतो.

तिसरा खरेदीदार म्हणजे स्वतः रिझर्व्ह बँक. १९५५ पासून अशी सोय होती की सरकारची शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की तदर्थ कोषागार हुंड्या, म्हणजे सरकारच्या अल्प मुदतीच्या उधारीचे कागद, आपोआप निघत आणि रिझर्व्ह बँक त्या घेऊन सरकारच्या खात्यात पैसे भरत असे. मर्यादा कागदावर होती. व्यवहारात या तात्पुरत्या हुंड्या कायमच्या होऊन बसल्या. सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्याचा करार झाला आणि एप्रिल १९९७ पासून ती बंद होऊन तिच्या जागी मर्यादित मुदतीची उचल आली. पुढे २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यानुसार एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारकडून थेट रोखे घेण्यास मनाई झाली. खुल्या बाजारातून बँकांकडचे रोखे विकत घेण्याची मुभा तिला आजही आहे, आणि करोनाकाळात तिने ती मोठ्या प्रमाणावर वापरली. तरीही हा फरक केवळ शाब्दिक नाही, कारण आता किती आणि केव्हा घ्यायचे हे रिझर्व्ह बँक ठरवते, अर्थ मंत्रालयाच्या खात्यातील खडखडाट ठरवत नाही.

आता महागाईचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या वाचकांनी यासाठी १९७२ चा दुष्काळ आठवावा, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावा. पाझर तलाव, नाला बांध, खडी फोडण्याची कामे सरकारने गावोगाव काढली, मजुरी हातात पडू लागली. पण बाजारात ज्वारीच नव्हती आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोवर (ज्वारीच्या जातीचे धान्य) दिवस काढावे लागले. सरकार मजुरी देऊ शकते, ज्वारी छापू शकत नाही. १९७३-७४ मध्ये घाऊक महागाई २० टक्क्यांवर गेली ती काही दुष्काळी कामांमुळे नव्हे, त्यामागे बुडालेली पिके आणि तेलाचे भडकलेले भाव होते. परंतु वस्तूच नसताना केलेला कोणताही जादा खर्च प्रथम भावात उतरतो, हे त्या वर्षांनी दाखवले. जाता जाता हेही नोंदवले पाहिजे की पुढे या कामांना रोजगार हमी योजनेचे कायम स्वरूप देताना राज्याने ती उधारीवर चालवली नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला आणि त्या पैशाचा आधार घेऊन योजना उभी राहिली. पगारपत्रकावर आजही दिसणारी ती छोटी कपात तिथून आलेली आहे.

२०२० मध्ये याच्या नेमके उलट चित्र होते. टाळेबंदीत एप्रिल ते जून या तिमाहीत जीडीपी जवळजवळ एक चतुर्थांशाने घटला, कारखाने बंद पडले, मजूर घरी परतले. पण भारतीय अन्न महामंडळाकडे जूनच्या सुरुवातीला आठ कोटी टनांहून अधिक तांदूळ आणि गहू पडून होता. म्हणून ८० कोटी लोकांना दरमहा पाच किलो धान्य मोफत देऊनही धान्याचे भाव भडकले नाहीत. मे २०२० मध्ये सरकारने बाजारातील उचल ७.८ लाख कोटींवरून १२ लाख कोटींवर नेली, वर्षअखेर राजकोषीय तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर पोहोचली, आणि तरीही त्या वर्षी सरकारला रोख्यांवर सरासरी ६ टक्क्यांहून कमी दराने पैसा मिळाला, जो दर दीड दशकातील नीचांकी होता. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्प मुदतीसाठी पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला होता, रिझर्व्ह बँक बाजारातून रोखे घेत होती, उद्योगांकडून कर्जाला मागणी नव्हती, म्हणून बँकांनाही सरकारी रोख्यांशिवाय पैसा गुंतवायला दुसरी जागा नव्हती. त्या वर्षी आयात इतकी घटली की चालू खात्यावर, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांच्या हिशेबात, चक्क शिल्लक राहिली. किरकोळ महागाई ६ टक्क्यांच्या आसपास होती, पण ती मुख्यतः पुरवठा विस्कळित झाल्यामुळे.

त्या ९.२ टक्क्यांत एक हिशेबी भागही होता, जो फारसा कोणी सांगत नाही. अन्न महामंडळाच्या अनुदानाची रक्कम अर्थसंकल्पात कमी दाखवून उरलेले पैसे महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज म्हणून देण्याचा प्रघात काही वर्षे चालला होता. २०२०-२१ मध्ये ही जुनी उधारी अर्थसंकल्पात आणून फेडली गेली आणि अन्न अनुदानाचा आकडा मूळ अंदाजातील १.१६ लाख कोटींवरून पाच लाख कोटींपुढे गेला. म्हणजे त्या वर्षीच्या तुटीचा काही भाग मागच्या वर्षांतच खर्च झालेला होता, फक्त कबुली तेव्हा दिली गेली. माझ्या मते त्या अर्थसंकल्पातील सर्वांत चांगला निर्णय हाच होता.

याच्या शेजारी २००८ ते २०१३ हा काळ ठेवून पाहावा. २००७-०८ मध्ये केंद्राची तूट २.५ टक्के होती. २००८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकीसह अंमलबजावणी झाली, रोजगार हमी देशातील सर्व जिल्ह्यांत गेली, आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाल्यावर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान उत्पादन शुल्कात व सेवा करात कपात झाली. तूट ६ टक्क्यांवर गेली. संकटाच्या त्या काही महिन्यांपुरते हे धोरण योग्यच होते. अडचण त्यानंतर झाली. २००९-१० मध्ये वाढीचा वेग परत आला, कारखान्यांची क्षमता पुन्हा वापरात आली, तरी तूट त्या वर्षी ६.५ टक्क्यांच्या घरातच राहिली. २०१०-११ मध्ये ती खाली आल्यासारखी दिसली, पण त्यात थ्रीजी आणि ब्रॉडबँड लहरींच्या लिलावातून एकदाच मिळालेल्या एक लाख कोटींहून अधिक रकमेचा वाटा होता. पुढच्याच वर्षी तूट पुन्हा जवळजवळ ६ टक्क्यांवर गेली. शिवाय या काळाच्या सुरुवातीच्या वर्षांत तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी तेल रोखे, म्हणजे पुढे पैसे देण्याची सरकारी हमीपत्रे, दिले जात होते, जे तुटीच्या आकड्यात मोजलेच जात नव्हते.

परिणाम काय झाले ते सर्वांनी पाहिले. किरकोळ महागाई वर्षानुवर्षे १० टक्क्यांच्या आसपास राहिली. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या दीड वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर तेरा वेळा वाढवून ४.७५ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर नेला. मागणी देशातील उत्पादनातून भागेना तेव्हा ती आयातीकडे वळली, ठेवीवरचे व्याज महागाईपेक्षा कमी पडू लागले म्हणून लोक सोन्याकडे वळले, आणि २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरील तूट जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर पोहोचली. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखे खरेदी कमी करण्याचा नुसता संकेत दिला आणि साधारण ५५ रुपयांना मिळणारा डॉलर ऑगस्टअखेर ६८ रुपयांपुढे गेला. केवळ सरकारी तूट हेच याचे कारण होते असे मी म्हणणार नाही. डाळी, दूध, भाज्यांचा पुरवठा आणि कच्च्या तेलाचे भाव हेही त्यात होते. पण रिकामी क्षमता संपल्यानंतरही चालू ठेवलेला खर्च आधी भावांत, मग व्याजदरात आणि शेवटी रुपयात कसा उतरतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. २०२० नंतर मात्र सरकारने तूट दरवर्षी उतरवत नेली: ६.७, ६.४, ५.६ टक्के अशी. दोन काळांतील खरा फरक हा आहे. तूट वाढवणे कोणत्याही सरकारला जमते. संकट ओसरल्यावर ती मागे घेणे फार थोड्यांना जमते.

सरकारच्या कर्जामुळे उद्योगांचे कर्ज आटते का? एके काळी ते कायद्यानेच आटत असे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वैधानिक तरलता प्रमाण ३८.५ टक्के आणि राखीव रोखता प्रमाण १५ टक्के होते, म्हणजे बँकेत आलेल्या शंभर रुपयांच्या ठेवीतील साडेत्रेपन्न रुपये सरकारी रोखे आणि रिझर्व्ह बँक यांच्याकडे जाणे सक्तीचे होते. उरलेल्यात शेती, लघुउद्योग अशा प्राधान्य क्षेत्राचा वाटा वेगळा. सरकार स्वतः ठरवलेल्या कमी दराने पैसे घेई आणि त्याची भरपाई उद्योजकाच्या चढ्या व्याजातून होत असे. आज तरलता प्रमाण १८ टक्के आहे आणि सरकारला लिलावात भाव द्यावा लागतो, त्यामुळे हा परिणाम सक्तीऐवजी दरातून येतो. उद्योगांना कर्ज नकोच असते तेव्हा तो जाणवत नाही. मंदीत सरकारने उद्योगांचा पैसा पळवला, ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. पण २०२२-२३ सारख्या वर्षात, जेव्हा कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या सुमारे ५ टक्क्यांवर घसरली होती आणि एकट्या केंद्राची तूट ६.४ टक्के व राज्यांची त्यावर आणखी होती, तेव्हा कुटुंबांची सारी बचत सरकारांनाच पुरी पडत नव्हती. अशा वर्षी उद्योगांनी स्वतःचा नफा आणि परदेशी भांडवल यांवर भागवायचे असते.

खर्च कशावर झाला, याबद्दल एक आकडा वारंवार दिला जातो. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील अभ्यासकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भांडवली खर्चाच्या एका रुपयातून अर्थव्यवस्थेत सुमारे २.४५ रुपयांची भर पडते, तर अनुदाने व हस्तांतराच्या एका रुपयातून एका रुपयाहून किंचित कमी. दिशा म्हणून हे मला मान्य आहे, आणि केंद्राने भांडवली खर्च २०१९-२० मधील साधारण ३.३५ लाख कोटींवरून २०२५-२६ मध्ये ११.२१ लाख कोटींच्या अंदाजापर्यंत नेला हेही चांगलेच झाले. मात्र एका रुपयामागे किती भर पडते हे सांगणारे असे गुणक सरासरीचे असतात. भूसंपादनात अडकलेल्या पुलाचा गुणक शून्यही असू शकतो, आणि टाळेबंदीत उपाशी असलेल्या कुटुंबाला दिलेला रुपया त्याच आठवड्यात किराणा दुकानात जातो.

राज्यांचे गणित अधिक कठीण आहे, कारण त्यांच्यामागे रिझर्व्ह बँक उभी नसते. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट सुमारे १.३६ लाख कोटी रुपये, म्हणजे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (राज्याच्या जीडीपीच्या) ३ टक्क्यांच्या आत होती. त्यावरून सारे ठीक वाटावे. पण त्यात ४५,८९१ कोटींची महसुली तूट होती, म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि योजना यांसारखा चालू खर्चही कर्जातून भागवला जाणार होता. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. ज्या घरात महिन्याला दीड हजार रुपये येतात त्या घरात ते खर्चही होतात आणि गावच्या बाजारात त्याची उलाढाल दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न इतकाच की अशी योजना मंदीत वाढवून तेजीत कमी करता येत नाही, आणि मर्यादा पाळण्यासाठी कात्री कुठेतरी दुसरीकडे चालते. २०२५ मध्ये कंत्राटदारांच्या संघटनांनी थकीत बिलांसाठी राज्यात आंदोलने केली, ती याच संदर्भात वाचावीत. सरकारने ठेकेदाराचे बिल वर्षभर थकवले तर तुटीच्या आकड्यात ते दिसत नाही; पण ती तूटच असते, फक्त तिचे व्याज ठेकेदार आपल्या पतसंस्थेला भरत असतो आणि त्याच्याकडच्या मजुराची मजुरी लांबते.

कर्ज परकीय चलनात असेल तर वरचे सगळे नियम अधिक निष्ठुर होतात. १९९१ मध्ये भारताला ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवावे लागले ते डॉलर संपले म्हणून, रुपये संपले म्हणून नव्हे. पण ऐंशीच्या दशकातील मोठ्या तुटींनी आयात आणि परदेशी कर्ज वाढत गेले होते. श्रीलंकेने २०१९ च्या अखेरीस करांत मोठी कपात केली आणि एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवली. आपल्या केंद्र सरकारचे बहुतांश कर्ज रुपयांत आणि देशातल्याच बँका, विमा कंपन्या व निधी यांच्याकडे आहे, त्यामुळे तसा प्रसंग आपल्यावर येण्याची शक्यता मला कमी वाटते. आपली किंमत वेगळी आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३४.२ लाख कोटींच्या अपेक्षित महसुलातील १२.७६ लाख कोटी, म्हणजे दर शंभर रुपयांतील सदतीस रुपये, व्याजात जाणार होते आणि त्यांतून नवा दवाखाना किंवा नवी शाळा उभी राहत नाही. जीडीपी चालू किमतींनुसार, म्हणजे महागाई धरून, सरकारी व्याजदरापेक्षा वेगाने वाढत आहे तोवर कर्जाचे प्रमाण हळूहळू उतरू शकते. महागाई फार उतरली आणि त्यासोबत चालू किमतींतील वाढही मंदावली, की हेच गणित घट्ट होते.

राहिला गृहकर्जाचा हप्ता. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानकाशी, बहुतेक वेळा रेपो दराशी, जोडलेली आहेत. म्हणून सरकारी तूट हप्त्यापर्यंत थेट येत नाही. ती महागाईमार्फत रिझर्व्ह बँकेपर्यंत जाते आणि मग हप्त्यात उतरते, जशी मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेल्यावर उतरली, जरी त्या वेळी युक्रेन युद्धामुळे वाढलेल्या किमतींचा वाटा अधिक होता. तूट थेट दिसते ती दीर्घ मुदतीच्या दरांत. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो एकदम अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५ टक्क्यांवर आणला, गृहकर्जे स्वस्त झाली, पण दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा, म्हणजे त्या मुदतीसाठी बाजार सरकारकडून मागत असलेला दर, उतरण्याऐवजी वाढत जाऊन ऑगस्टअखेर ६.६ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. यापुढे दरकपात फारशी होणार नाही असा बाजाराचा अंदाज, राज्यांच्या रोख्यांचा वाढता पुरवठा आणि जीएसटी कपातीनंतर महसुलाचे काय होईल ही शंका, ही त्याची कारणे होती. त्या काळात घर घेणाऱ्याला दिलासा मिळाला. पंधरा वर्षांच्या रोख्यांतून पैसा उभारून वीज प्रकल्प किंवा रस्ता बांधणाऱ्या कंपनीला तो मिळाला नाही.